सिस्टिक फायब्रोसिस : रुग्णांना परस्परांपासून दूर ठेवणारा फुफ्फुसांचा संसर्ग

एकाच आजाराने ग्रस्त असलेले रुग्ण एकत्र आले, की त्यांना परस्परांचा आधार मिळतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. मधुमेह, कर्करोग, थॅलेसेमिया अशा अनेक आजारांच्या रुग्णांचे गट आणि मेळावे याच हेतूने भरविले जातात. सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक विकार मात्र याला अपवाद आहे. या विकाराच्या दोन रुग्णांनी एका खोलीत बसू नये, परस्परांशी हस्तांदोलन करू नये आणि किमान सहा फुटांचे अंतर राखावे, असा सल्ला त्यांना दिला जातो. एका रुग्णाच्या फुफ्फुसांतील जिवाणू दुसऱ्या रुग्णाच्या फुफ्फुसांत शिरून तेथे कायमचे ठाण मांडू शकतात, हे गेल्या चार दशकांतील संशोधनातून स्पष्ट झाले आहे. हा निष्कर्ष कसा निघाला, त्यामुळे रुग्णांच्या जीवनात कोणते बदल झाले आणि भारताच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा हा आढावा.

आजाराचे स्वरूप

सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात विकार आहे. न्यूयॉर्क येथील डॉ. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये त्याचे स्वतंत्र आजार म्हणून सविस्तर वर्णन केले. त्याला कारणीभूत असलेले जनुक सातव्या गुणसूत्रावर असल्याचे १९८९ मध्ये निश्चित झाले. सीएफटीआर या नावाने ओळखले जाणारे हे जनुक पेशींच्या आवरणातून क्षार वाहून नेणारे प्रथिन तयार करते. हे प्रथिन सदोष असल्यास क्षार आणि पाणी यांचे संतुलन बिघडते आणि शरीरातील स्राव घट्ट व चिकट होतात.

माता आणि पिता या दोघांकडूनही सदोष जनुक मिळाले, तरच अपत्याला हा आजार होतो. दोघेही केवळ वाहक असतील, तर त्यांना स्वतःला कोणताही त्रास जाणवत नाही. मात्र त्यांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक इतकी असते.

या विकारात स्वादुपिंडातील पाचकरस आतड्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे मुलांचे वजन वाढत नाही. घामातील मिठाचे प्रमाण वाढते, आणि निदानासाठी घामाचीच चाचणी केली जाते. सर्वाधिक हानी मात्र फुफ्फुसांची होते. निरोगी व्यक्तीच्या श्वासनलिकांतील सूक्ष्म रोम पातळ श्लेष्मा सतत वर ढकलीत असतात आणि त्याबरोबर धूळ व जंतूही बाहेर पडतात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये हा श्लेष्मा इतका घट्ट होतो, की ही स्वच्छतेची व्यवस्थाच खोळंबते. साचलेला कफ जिवाणूंच्या वाढीला पोषक ठरतो. संसर्ग, दाह आणि फुफ्फुसांची झीज असे चक्र सुरू होते आणि अनेक रुग्णांचा मृत्यू अखेर श्वसनसंस्था निकामी झाल्याने होतो.

येथे एक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. सिस्टिक फायब्रोसिस हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या सहवासाने, स्पर्शाने किंवा एकत्र भोजनाने तो कोणालाही होत नाही. रुग्णाच्या कफातील जिवाणूंपासूनही निरोगी व्यक्तीला सहसा धोका नसतो, कारण तिची फुफ्फुसे ते सहज बाहेर टाकतात. धोका असतो तो प्रामुख्याने याच आजाराच्या दुसऱ्या रुग्णाला.

फुफ्फुसांत ठाण मांडणारे जिवाणू

बालपणी या रुग्णांत प्रामुख्याने स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि हिमोफिलस इन्फ्लुएंझा हे जिवाणू आढळतात. वय वाढते तसे स्युडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूचे प्राबल्य वाढते. हा जिवाणू माती, पाणी, नळाची तोंडे, मोऱ्या अशा ओलसर जागी सर्वत्र असतो. फुफ्फुसांत शिरल्यानंतर तो स्वतःभोवती चिकट आवरण निर्माण करतो. या आवरणाखाली वाढणाऱ्या जिवाणूंच्या वसाहतीपर्यंत प्रतिजैविके आणि शरीराच्या संरक्षक पेशी पुरेशा प्रमाणात पोहोचू शकत नाहीत. संसर्ग आरंभीच लक्षात आल्यास तो औषधांनी नाहीसा करता येतो. एकदा तो जुनाट झाला, की त्याचे उच्चाटन अत्यंत कठीण होते.

हे जिवाणू निसर्गात सर्वत्र असल्याने प्रत्येक रुग्णाला ते आपापल्या परिसरातून स्वतंत्रपणे मिळतात, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. ती पूर्णतः चुकीची नव्हती. अनेक रुग्णांच्या बाबतीत आजही तसेच घडते. परंतु ती अपूर्ण होती, आणि या अपूर्णतेची किंमत अनेक रुग्णांना मोजावी लागली.

कांद्याच्या रोगापासून उन्हाळी शिबिरांपर्यंत

पहिला मोठा धक्का बसला तो वनस्पतिरोगाचा जिवाणू म्हणून परिचित असलेल्या बर्कहोल्डेरिया सेपेशिया या जिवाणूमुळे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे शास्त्रज्ञ वॉल्टर बर्कहोल्डर यांनी १९५० मध्ये कांदा सडविणारा जंतू म्हणून त्याचे वर्णन केले होते. लॅटिन भाषेत कांद्याला ‘सेपा’ म्हणतात, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. पुढे कॅनडातील टोरांटो येथे सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांत हाच जिवाणू वाढत्या प्रमाणात आढळू लागला. १९८४ मध्ये तेथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार, काही रुग्णांची प्रकृती या संसर्गानंतर झपाट्याने खालावली. तीव्र ताप, रक्तात पसरणारा संसर्ग आणि फुफ्फुसांचा वेगाने होणारा नाश अशी ही लक्षणे होती. या अवस्थेला पुढे ‘सेपेशिया सिंड्रोम’ असे नाव मिळाले. हा जिवाणू अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही, त्यामुळे उपचाराचे पर्याय मर्यादित राहतात. या गटातील सर्वांत घातक प्रजातीचा संसर्ग असलेल्या रुग्णांवर फुफ्फुस प्रत्यारोपण करण्यास अनेक केंद्रे नकार देतात.

हा जिवाणू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो का, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. १९९० मध्ये अमेरिकी संशोधकांनी अशा थेट प्रसाराचा पुरावा मांडला. ब्रिटनमधील एडिंबरो आणि मँचेस्टर येथील रुग्णांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयाबाहेरील मैत्री आणि वारंवारच्या भेटीगाठी यांतूनही संसर्गाची साखळी तयार होत असल्याचे त्यातून दिसून आले. एडिंबरोत आढळलेला वाण आणि टोरांटोतील वाण एकच असल्याचेही उघड झाले. म्हणजे हा जिवाणू रुग्णांबरोबर अटलांटिक महासागर ओलांडून गेला होता.

याचा सर्वांत वेदनादायक परिणाम मुलांच्या उन्हाळी शिबिरांवर झाला. उत्तर अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलांसाठी अशी शिबिरे अनेक वर्षे भरत असत. एरवी शाळेत खोकल्यामुळे आणि औषधांमुळे वेगळी पडणारी ही मुले तेथे प्रथमच आपल्यासारख्या इतरांना भेटत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने १९९० मध्ये अशा तीन शिबिरांची पाहणी केली, तेव्हा काही मुले शिबिरातून हा जिवाणू घेऊन घरी परतल्याचे दिसले. शिबिरात आधीपासून संसर्ग असलेल्यांची संख्या जितकी अधिक, तितका इतरांचा धोका अधिक, असाही निष्कर्ष निघाला. त्यानंतर ही शिबिरे बंद करण्यात आली.

लिव्हरपूलचा धडा

बर्कहोल्डेरिया हा अपवाद आहे, सर्वसामान्यपणे आढळणारा स्युडोमोनास मात्र असा पसरत नाही, असे तरीही अनेकांना वाटत होते. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील केंद्राने या बाबतीत लवकर सावध पाऊल उचलले होते. तेथे १९८० च्या दशकाच्या आरंभापासूनच संसर्ग असलेल्या आणि नसलेल्या रुग्णांना वेगवेगळे ठेवण्यास सुरुवात झाली होती. परंतु सर्वांनी त्याचे अनुकरण केले नाही.

१९९६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिव्हरपूल येथील मुलांच्या दवाखान्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. एका महत्त्वाच्या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्युडोमोनासचा एकच वाण तेथील अनेक मुलांच्या फुफ्फुसांत आढळला होता. प्रत्येकाने तो आपापल्या घरच्या नळातून मिळविला असणे अशक्य होते. ‘लिव्हरपूल एपिडेमिक स्ट्रेन’ या नावाने हा वाण पुढे ओळखला जाऊ लागला. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथेही मुलांमध्ये असाच एक साथीचा वाण पसरल्याचे २००२ मध्ये जाहीर झाले.

लिव्हरपूलच्या वाणाबाबत पुढे आलेली माहिती अधिक चिंताजनक होती. ज्या प्रौढ रुग्णांना आधीपासून स्युडोमोनासचा जुनाट संसर्ग होता, त्यांनाही हा नवा वाण जडू शकतो, असे २००१ मध्ये दिसून आले. त्यामुळे ‘संसर्ग झालेल्यांना एकत्र ठेवण्यास हरकत नाही’ हा युक्तिवाद निकालात निघाला. अपवादात्मक प्रसंगी हा वाण रुग्णाच्या निरोगी नातेवाइकांत आणि एका घटनेत तर पाळीव मांजरातही आढळला. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, हा वाण असलेल्या रुग्णांत मृत्यूचा किंवा फुफ्फुस प्रत्यारोपणाची वेळ येण्याचा धोका लक्षणीयरीत्या अधिक होता.

जनुकीय तपासाचा नवा पुरावा

एकविसाव्या शतकात जिवाणूंच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन करणे शक्य झाले आणि तपासाला नवे साधन मिळाले. दोन रुग्णांतील जिवाणूंच्या जनुकसंचांत अगदी नगण्य फरक असेल, तर त्यांचा उगम एकच असण्याची शक्यता मोठी असते.

या पद्धतीने मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस या जिवाणूचा अभ्यास ब्रिटनमधील पॅपवर्थ रुग्णालयात करण्यात आला. हा जिवाणू क्षयरोगाच्या जंतूचा दूरचा नातलग असून त्याच्यावरील उपचार अनेक महिने, कधी वर्षानुवर्षे चालतात. पॅपवर्थमधील ३१ रुग्णांच्या नमुन्यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांतील जिवाणू परस्परांशी जवळजवळ तंतोतंत जुळत असल्याचे त्यात आढळले. विशेष म्हणजे रुग्णालयात संसर्ग प्रतिबंधाचे नियम पाळले जात असतानाही हे घडले होते. २०१६ मध्ये युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील ५१७ रुग्णांच्या एक हजाराहून अधिक नमुन्यांचे विश्लेषण ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या जिवाणूचे काही मोजके वाण जगभर पसरले असल्याचे त्यातून दिसले.

या निष्कर्षांना दुसरी बाजूही आहे. लंडनमधील एका बालरुग्णालयात याच पद्धतीने झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांमध्ये परस्पर प्रसाराचा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे प्रत्येक केंद्रातील परिस्थिती स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक मानले जाते. स्युडोमोनासविषयी २०२४ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला अभ्यासही महत्त्वाचा आहे. जगभरातील नमुन्यांपैकी दर दहा संसर्गांमागे सुमारे सात संसर्ग अवघ्या २१ वाणांमुळे होत असल्याचे त्यात आढळले. यांपैकी काही वाण सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांच्या फुफ्फुसांत टिकून राहण्यास विशेष अनुकूल बनले आहेत.

संसर्ग पसरतो कसा?

प्रसाराचे मार्ग दोन प्रकारचे आहेत. पहिला स्पर्शाचा. खोकताना तोंडावर धरलेला हात, त्याच हाताने उघडलेले दार, एकमेकांत वापरलेले पेले, खेळणी किंवा वाफारा घेण्याचे यंत्र यांतून जिवाणू पुढे जातात. दुसरा मार्ग हवेचा. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, रुग्णाच्या खोकल्यातून उडालेल्या सूक्ष्म तुषारांतील जिवाणू चार मीटर अंतरापर्यंत पोहोचले आणि ४५ मिनिटांपर्यंत हवेत जिवंत राहिले. म्हणजे एक रुग्ण खोली सोडून गेल्यानंतरही दुसऱ्यासाठी ती लगेच सुरक्षित होत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरला जाणारा साधा मुखपट्टा लावल्यास हे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटते आणि केवळ हात तोंडावर धरण्यापेक्षा तो अधिक परिणामकारक ठरतो, असे त्यानंतरच्या प्रयोगांत दिसले.

नियम आणि त्यांची किंमत

या पुराव्यांच्या आधारे अमेरिकेतील सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशनने २०१३ मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे निश्चित केली. पूर्वी तीन फूट असलेले अंतर वाढवून सहा फूट करण्यात आले. रुग्णालयात प्रत्येक रुग्णाने मुखपट्टा वापरावा, त्याला प्रतीक्षागृहात न बसविता थेट तपासणीच्या खोलीत न्यावे, प्रत्येकाला स्वतंत्र खोली आणि स्वच्छतागृह द्यावे, डॉक्टर व परिचारिकांनी प्रत्येक वेळी हात निर्जंतुक करावेत, असे हे नियम आहेत. एखाद्या रुग्णाला सध्या कोणताही संसर्ग नाही, असे चाचणीत दिसले तरी नियम बदलत नाहीत. कारण चाचणीपूर्वीच नवा जिवाणू फुफ्फुसांत शिरलेला असू शकतो.

या नियमांची मानसिक किंमत मोठी आहे. आपल्या वेदना ज्याला न सांगताही समजतील, अशा व्यक्तीलाच भेटता येत नाही, ही या रुग्णांची व्यथा आहे. बंदिस्त सभागृहातील परिषदांना एका वेळी एकाच रुग्णाला उपस्थित राहता येते, बाकीचे संगणकाच्या पडद्यावरून सहभागी होतात. एका घरात दोन भावंडांना हा आजार असेल, तर त्यांना अलग ठेवणे शक्यही नसते आणि इष्टही नसते. अशा वेळी दोघांचे कफ काढण्याचे व्यायाम वेगवेगळ्या खोल्यांत व्हावेत आणि उपकरणे वेगळी असावीत, एवढीच अपेक्षा ठेवली जाते. २०१९ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘फाइव्ह फीट अपार्ट’ या अमेरिकी चित्रपटाने हाच विषय जगासमोर आणला. त्यानंतर वर्षभरातच कोविडच्या साथीमुळे सहा फुटांचे अंतर आणि मुखपट्टा यांचा अनुभव साऱ्या जगाला घ्यावा लागला. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांसाठी ती नवी गोष्ट नव्हती.

नवी औषधे, जुने जिवाणू

२०१२ पासून सदोष प्रथिनाचेच कार्य सुधारणारी औषधे उपलब्ध होऊ लागली. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या तीन औषधांच्या मिश्रणाने असंख्य रुग्णांचा कफ कमी झाला आणि श्वसनक्षमता वाढली. कफातील जिवाणूंची संख्याही घटली. तथापि जुनाट संसर्ग अनेकांच्या बाबतीत पूर्णतः नाहीसा झाला नाही. त्यामुळे अंतर राखण्याचे नियम मोडीत काढावेत, अशी स्थिती अद्याप आलेली नाही.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंसाठी जिवाणूभक्षक विषाणूंचा वापर हा आणखी एक मार्ग आजमावला जात आहे. मायकोबॅक्टेरियम ॲबसेससचा गंभीर संसर्ग झालेल्या १५ वर्षांच्या ब्रिटिश मुलीवर असे तीन विषाणू वापरून केलेल्या उपचारांची माहिती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. यांपैकी एक विषाणू दक्षिण आफ्रिकेत सडलेल्या वांग्यात सापडला होता. तिची प्रकृती सुधारली, मात्र संसर्ग समूळ नष्ट झाला नाही. हे उपचार अद्याप प्रायोगिक अवस्थेतच आहेत.

भारतातील स्थिती

हा आजार केवळ युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, असा समज भारतात दीर्घकाळ होता. १९६० च्या दशकापासून भारतीय बालकांतील रुग्णांची नोंद होत गेली आणि हा समज चुकीचा ठरला. दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि वेल्लोर येथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय येथे या रुग्णांवर अनेक वर्षे उपचार व संशोधन होत आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश आहे. या धोरणाखाली निश्चित केलेल्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईच्या केईएम रुग्णालयाचाही समावेश आहे.

अडचणी मात्र अनेक आहेत. नवजात बालकांची या आजारासाठी देशभर सार्वत्रिक तपासणी होत नाही. घामाची चाचणी मोजक्याच ठिकाणी उपलब्ध आहे. महिनोन्महिने टिकणारा खोकला, कफ आणि घटणारे वजन ही लक्षणे पाहून प्रथम क्षयरोगाचा संशय घेतला जातो आणि मूळ निदान लांबते. नव्या औषधांची किंमतही आवाक्याबाहेरची आहे. तीन औषधांच्या मिश्रणाची अमेरिकेतील घोषित वार्षिक किंमत २०१९ मध्ये तीन लाख डॉलरहून अधिक होती. शिवाय ही औषधे ज्या जनुकीय बदलावर प्रामुख्याने परिणामकारक ठरतात, तो बदल भारतीय रुग्णांत तुलनेने कमी आढळतो.

औषधे सहज मिळत नसतील, तर संसर्ग टाळण्याचे महत्त्व अधिकच वाढते. गजबजलेला बाह्यरुग्ण विभाग, एका बाकावर दाटीवाटीने बसलेली मुले आणि वॉर्डात सर्वांसाठी असलेले वाफाऱ्याचे एकच यंत्र, हे आपल्याकडील अनेक रुग्णालयांतील चित्र आहे. ते बदलण्यासाठी प्रत्येक वेळी मोठा खर्चच करावा लागतो, असे नाही. रुग्णांना वेगवेगळ्या वेळा देणे, खोकणाऱ्याला मुखपट्टा देणे, खिडक्या उघड्या ठेवणे, हात धुण्याची सोय करणे आणि प्रत्येक मुलाला स्वतंत्र वाफारा संच देणे, हे उपाय जिल्हा रुग्णालयातही शक्य आहेत. घरी वाफाऱ्याच्या यंत्राचे उकळता येण्याजोगे भाग प्रत्येक वापरानंतर साबणाने धुऊन पाच मिनिटे उकळावेत आणि हवेत पूर्णपणे कोरडे होऊ द्यावेत. ओलावा हे या जिवाणूंचे आश्रयस्थान आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

त्याचबरोबर या आजाराविषयी भय पसरणार नाही, याचीही दक्षता घ्यावी लागेल. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या मुलाला शाळेतून, खेळातून किंवा पंगतीतून दूर ठेवण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण नाही. अंतर राखावयाचे आहे ते केवळ याच आजाराच्या दुसऱ्या रुग्णापासून. ज्या मुलाला आपल्यासारख्याच मुलाशी जवळून मैत्री करता येत नाही, त्याला इतर सर्वांच्या मैत्रीची गरज अधिक असते.